पोटाशी बांधलेली बारा अंडी

“अंडी जिवंत आहेत, भय्यासाहेब! एक तरी बॅटरीसमोर धरून पाहा नं,” शैलजा ओरडून सांगत होती. तोवर मजुरांनी अंड्यांचे ट्रे मागच्या खड्ड्यात उलटे करायला सुरुवातही केली होती.

“मुर्दा हैं सब,” अंडी उबवणाऱ्या त्या हॅचरीचे मालक भय्यासाहेब शेजारी उभ्या पिल्लांच्या व्यापाऱ्याला म्हणाले. “बाई झोपून राहिली, मशीन थंडी पडली. उन्नीस साल से है, काय करता!” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.”

शैलजा झोपली नव्हती. जानेवारीतल्या त्या दुपारी वीज गेली, तेव्हा जनरेटर भय्यासाहेबांच्या मुलाच्या साखरपुड्याच्या मांडवात होता. तिने पोती, रजया, स्वतःची शालसुद्धा उबवणीच्या मशीनवर टाकून ऊब धरून ठेवली होती. अंडी पंधरा दिवसांची होती. आणखी सहा दिवसांनी पिल्लं निघणार होती. ते ठाऊक असूनही त्या माणसाने आपली चूक झाकायला ती मातीत घातली.

खड्ड्याच्या काठावरची बारा तिने पदरात उचलली आणि पनागरहून जबलपूरला, घमापूरमधल्या घरी आली. अंधाऱ्या न्हाणीत एकेक अंडं बॅटरीवर धरलं. आत लाल शिरांचं जाळं होतं आणि त्यात काहीतरी हललं.

जुन्या नऊवारीच्या पट्टीत ओळीने घड्या घालून तिने ती पोटाशी बांधली. वर स्वेटर, त्यावर घोंगडी. तिचे यजमान रत्नाकर फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ते बघतच राहिले.

“हे काय करून राहिली तू? काहून जीव घेते स्वतःचा?”

“माझा नाही. त्या भय्यासाहेबाचा.”

त्यानंतर घरकाम त्यांनीच उचललं. पोळ्या लाटल्या, भांडी घासली. शैलजा भिंतीला टेकून बसूनच झोपायची. आंघोळ नाही, वाकणं नाही. पट्टीखाली कातडी लाल होऊन सोलवटली. दिवसातून पाच वेळा ती प्रत्येक अंडं फिरवी आणि दर अंड्यामागे भय्यासाहेबांचं नाव घेई. जप केल्यासारखं, पण दात आवळून. चौघांत त्यांची मान खाली गेलेली तिला रोज दिसायची. त्या चित्रावरच ती तग धरून होती.

दोन फुटली. पाच आतल्या आत गार झाली. विसाव्या दिवशी, भाजी निवडताना, तिच्या पोटावरून बारीकशी चिवचिव आली. रत्नाकरांच्या हातातलं ताट खाली पडलं.

एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली. पाचव्याने कवचाला भोक पाडलं आणि तिथेच दम सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोका घेऊन ती हॅचरीत शिरली. तोच व्यापारी आला होता, मजूर पेट्या भरत होते. भय्यासाहेब खुर्चीवरून अर्धवट उठले.

“हात पुढे करा,” शैलजा म्हणाली.

इतक्या माणसांत नाही म्हणता येईना. त्यांनी हात पुढे केला. तिने त्यावर एक पिल्लू ठेवलं. ते धडपडलं, त्यांच्या अंगठ्याला चोच मारू लागलं.

“त्या खड्ड्यातलं आहे. पोटावर उबवलं मी. आता म्हणा, मुर्दा आहे.”

मजुरांचे हात थांबले. व्यापाऱ्याने एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा भय्यासाहेबांकडे.

“बाई, कल से काम पे आ जाओ,” भय्यासाहेब हळूच म्हणाले.

“काम मागायला नाही आली मी. जनरेटर कुठे होता, ते सांगा. जोरात सांगा.”

पिल्लू ओरडत होतं. त्यांना ते धरता येईना, टाकताही येईना.

“मांडवात होता,” ते म्हणाले. मग शेवटच्या मजुराला ऐकू जाईल इतक्या जोरात, “मी नेला होता. बाईची गलती नव्हती.”

सहा दिवस पाहिलेली ती खाली गेलेली मान समोर होती. शैलजाने ती डोळे भरून पाहिली. मग त्यांच्या तळहातावरून पिल्लू उचललं आणि निघाली.

जबलपूरच्या बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मांडीवरच्या खोक्यातली चिवचिव ऐकून शेजारच्या बाईने विचारलं, “कहाँ से लाईं, दीदी?”

“घर के हैं,” शैलजा म्हणाली.

बसला धक्के बसत होते. समोरच्या दांडीला पोट लागू नये म्हणून ती अजून जपून, ताठ बसली होती. तिथे आता फुटण्यासारखं काही नव्हतं.