दोन बोटं पाणी

"आई बोलली! आई बोलली!"

एकच गलका उठला आणि कुरणवाडीच्या घाटावरची चारपाचशे माणसं भर पावसात, छत्र्या मिटून, चिखलात आडवी झाली. वर देवळाच्या ओवरीत जलसिद्ध महाराज मांडी ठोकून बसले होते. समोर नदीआईच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली तांब्याची घागर. महाराजांनी घागरीला उजवा कान लावला होता, डोळे मिटले होते आणि मधूनच ते "हूं... बरं... बरं, आई" असं म्हणत होते. पलीकडून एखादी सासुरवाशीण माहेरी ख्यालीखुशाली कळवत असावी असा सगळा थाट होता.

गर्दीच्या कडेला मल्लेश खांद्यावरची पिशवी सावरत उभा होता. तो याच गावचा. वय तिशीचं. कोल्हापूरजवळच्या एका बंधाऱ्यावर नदीचं पाणी मोजायची सरकारी नोकरी करायचा. आठ वाजता ड्यूटी संपवून, मिळेल ती एसटी धरून तो आला होता तो एकाच कामासाठी. त्याची अव्वा, म्हणजे आई नीलम्मा, खालच्या गल्लीत एकटी राहत होती. तिला उचलून वरच्या शाळेत न्यायचं. पण घराला कडी होती आणि अव्वा इथं, महाराजांच्या अगदी पुढ्यात, पदर डोक्यावर घेऊन बसली होती.

"अव्वा, ऊठ. पाणी चढायलंय."

"गप ऱ्हा की रं जरा. आई काय म्हणती बघू दे. मग ठरवू."

खालच्या गल्लीतल्या चाळीस घरांचं असंच होतं. बोचकी बांधून ठेवलेली, पण पाय उचलायचा तो महाराजांच्या शब्दावर. आणि का नाही उचलणार? दोन पावसाळे झाले, महाराजांचं एक बोलणं चुकलं नव्हतं. उद्या चार पायऱ्या, म्हटलं की दुसऱ्या दिवशी घाटाच्या चार पायऱ्या पाण्याखाली. उद्या उतार, म्हटलं की उतार. त्यांच्या शब्दावर लोकांनी नदीकाठच्या मोटारी वेळेत वर ओढून काढल्या होत्या. उसाला पाणी पाजणारी मोटार वाचली म्हणजे कोल्हापूर भागात काय वाचतं, ते ज्याची बुडाली त्यालाच विचारावं! मग नारळांचा ढीग पडला, ओवरीला फरशी आली आणि महाराजांना तुपातल्या शिऱ्याशिवाय घास उतरेना.

महाराजांनी घागरीवरचा कान काढला. पांढऱ्या दाढीतून पाणी ठिबकत होतं.

"लेकरांनो, आई रागावलीवती. मी पाय धरलं. म्हटलं, माझी लेकरं हाईत, सांभाळ. आई हसली. म्हणली, जा, तुझ्यासाठी थांबते. उद्यापातूर चढणार किती? दोन बोटं. फकस्त दोन बोटं!"

"जलसिद्ध महाराज की जय!" घाट दणाणला. बायका रडायला लागल्या. नीलम्मानं मागं वळून लेकाकडं बघितलं, बघितलंस का, अशा नजरेनं. लोक बोचकी सोडायला घराकडं निघाले.

मल्लेश मात्र तिथंच उभा राहिला.

दोन बोटं. दोन इंच. जगात हा आकडा फक्त एकाच ठिकाणी होता, आणि तो त्यानंच तिथं लिहिला होता. आणि तो खोटा होता.

बंधाऱ्यावरचं काम ऐकायला सोपं. खांबाला फूट आणि इंच रंगवलेली पट्टी असते. पावसाळ्यात दर तासाला तीस ओल्या पायऱ्या उतरून खाली जायचं, पट्टीवर पाणी कुठं लागलंय ते बघायचं, वर येऊन वहीत लिहायचं. सकाळी सहाचा आकडा खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. कुणीही यावं, बघावं. फळ्याखाली फोन नंबरही रंगवलेला. सरकारनं सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला आकडा, पण विचारणार कोण? मल्लेशच्या सहा वर्षांच्या नोकरीत मनापासून विचारणारा एकच माणूस भेटला होता. रोज सकाळी सहाला फोन यायचा, "काय म्हणतीया आई आज?" शिरोळकडचा कुणी हौशी शेतकरी आहे असं तो सांगायचा. मल्लेशलाही बरं वाटायचं. "बोला पावणं!" म्हणून तो आकडा सांगायचा, वर धरणातून किती सोडलंय तेही सांगायचा. आपल्या कामाची कुणाला तरी किंमत आहे, एवढाच त्यातला आनंद.

त्या आठवड्यात पाच दिवस पाऊस कोसळत होता. जोडीदार आजारी, म्हणून मल्लेशनं दोन पाळ्या सलग ओढल्या होत्या. अंग मोडून आलेलं. आदल्या रात्री बारानंतर तो पायऱ्या उतरलाच नाही. घोंगडी ओढून खोलीत बसला आणि दर तासाला वहीत अंदाजानं चढवत गेला. अडतीस फूट. अडतीस फूट अर्धा इंच. सहाला लिहिलं, अडतीस फूट दोन इंच. असं 'खोलीतलं वाचन' त्या नोकरीत अधूनमधून सगळेच करतात, उन्हाळ्यात तर सर्रास. सहाला फोन वाजला तेव्हा त्यानं तेच सांगितलं, "दोन इंच पावणं, फार न्हाय."

आणि आठला पुढच्या पाळीवरच्या गणपतीच्या ताब्यात वही देऊन तो एसटीत बसला. गाडी पुलावर आली तेव्हा खिडकीतून पट्टी दिसली. पाण्यानं चाळीस फूट गाठून वर आठ इंच चढवलं होतं. अडीच फुटांचा फरक! क्षणभर वाटलं, उतरावं, सांगावं. पण मग वहीत खाडाखोड, साहेबांचं बोलणं, मेमो. 'गणपती आठचं वाचन घेईल, आपोआप दुरुस्त होईल,' असं मनाला सांगून त्यानं खिडकी लावून घेतली होती.

आता ते खोटं दाढी लावून देवळात बसलं होतं.

तेवढ्यात महाराजांबरोबर बाहेरून आलेला त्यांचा पट्टशिष्य बाळासो प्रसादाची परात घेऊन गर्दीतून आला. एका म्हातारीला म्हणाला, "ऐकलंस न्हवं, काय म्हणतीया आई आज?"

मल्लेशनं आवाज ओळखला. रोज सकाळी सहाचा आवाज.

त्यानं शाळेच्या संघप्रिया बाईंना गाठलं. महाराजांच्या पाया न पडणारं गावात तेवढंच एक माणूस होतं. दोन वर्षं त्या ओरडत होत्या, की याला कुठून तरी आकडा येतोय; आणि दोन वर्षं गाव त्यांना हसत होतं. मल्लेशनं भराभर फोनचं सांगितलं. खोट्या आकड्याचं मात्र गिळलं. बाईंचे डोळे चमकले. त्या तडक ओवरीसमोर गेल्या.

"थांबा सगळी! महाराजांच्या घागरीतली आई सापडली. बंधाऱ्यावरच्या फोनमध्ये हाय ती! हा मल्लेश रोज पाणी मोजतो, हा बाळासो रोज फोन करून विचारतो. वरचं पाणी हिथं यायला एक दिवस लागतो. तिथला एक फूट म्हणजे आपली एक पायरी. झाला चमत्कार!"

महाराजांनी दाढी चाचपली. पण गावचे जाणते हंबीरराव, ज्यांची मोटार दोनदा वाचली होती, ते पुढं आले.

"बाई, एक सांगा. आज मल्लेशच्या वहीत किती हाय?"

बाईंनी मल्लेशकडं बघितलं.

"दोन इंच," मल्लेश म्हणाला.

"आणि महाराज किती म्हणालं? दोन बोटं. मग भांडण कशाचं? सरकार बी तेच म्हणतंय, देव बी तेच म्हणतोय. दोन्ही खरं की!" हंबीरराव हसले. घाट हसला. महाराजांनी तर हात वर करून आशीर्वादच दिला, "बाळ मल्लेशा, आई तुझ्या वहीत बी लिहिते हो!"

लोक पुन्हा घराकडं वळले. नीलम्माही उठली. "चल, भाकरी टाकते," म्हणाली.

आता मल्लेशला दोनच वाटा होत्या. गप्प बसला तर नोकरी शाबूत, इज्जत शाबूत, आणि अव्वासकट चाळीस घरं उद्या सकाळी पाण्यात. आणि बोलायचं म्हटलं तर त्याला अंगावरचे कपडे उतरवून चौकात उभं केल्यासारखं वाटलं.

"न्हाय!" तो ओरडला. आवाज चिरकला. "दोन इंच खोटं हाय. मी खोटं लिवलंय."

"काय?"

"मी खाली उतरलोच न्हवतो. खोलीत बसून लिवलं. आळस केला. येताना पुलावरनं बघितलं तर अडीच फूट चढलंय. अडीच! मेमोला भिऊन गप बसलो. आणि तेच खोटं ह्यो बाळासो फोनवरनं घेऊन आला आणि महाराजांनी तुमास्नी देवाचं म्हणून सांगितलं." त्यानं घागरीकडं बोट केलं. "आईनं सांगितलं असतं तर खरं सांगितलं असतं की वो. माझी चूक आईच्या तोंडात कशी आली?"

नीलम्मा लेकाकडं बघत राहिली आणि तिनं मान खाली घातली. मल्लेशला ते सगळ्यात जड गेलं.

महाराज सावरून म्हणाले, "पाप्याची वाणी! ऐकू नका रं!"

"बरोबर, ऐकू नका," संघप्रिया बाई ताडकन म्हणाल्या. "मल्लेशचं ऐकू नका, माझं ऐकू नका. ह्यानं आत्ताच कबूल केलंय की हा खोटं लिहितो. फोन लावा आणि आत्ताचं पाणी विचारा. हंबीरराव, तुम्हीच विचारा."

देवळासमोरच्या किराणा दुकानात फोन होता. हंबीररावांनी स्वतः रिसीव्हर कानाला लावला. दुकानाबाहेर गाव खोळंबलं. पलीकडून गणपतीचा आवाज इतका मोठा आला की पायरीवरच्यांनाही ऐकू गेला.

"चाळीस फूट अकरा इंच! अजून चढायलंय. अहो, सहाचं वाचन कसं केलतं देव जाणे, आठला बघतो तर अडीच फूट वर! खालच्या गावांनी हलावं म्हणून निरोप धाडलाय. तुमी कोण? ते रोज 'काय म्हणतीया आई' विचारणारं पावणं काय?"

हंबीररावांनी रिसीव्हर खाली ठेवला. बाळासोकडं बघितलं. बाळासो परात टेकवून मागं सरकत होता.

"मोटारी ऱ्हाऊ देत," हंबीरराव म्हणाले. "माणसं काढा."

दुपारभर गाव हलत होतं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, डोक्यावर बोचकी. महाराजांना आईनं तातडीनं हिमालयात बोलावल्याचं कळलं आणि ते बाळासोच्या मोटरसायकलवर मागं बसून गेले. संध्याकाळी जयसिंगपूरच्या स्टँडवर कुणीतरी त्यांना कांदाभजी खाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गल्लीत कौलांपर्यंत पाणी होतं. माणूस एकही गेलं नाही. चिमणाबाईच्या दोन शेळ्या तेवढ्या दाव्याला राहून गेल्या. गडबडीत सोडायचं राहिलं. मल्लेश तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. तिनं तोंड फिरवलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण खरी गंमत पुढंच. चौथ्या दिवशी पाणी उतरलं आणि शाळेत दोन बायका ताटात निरांजन घेऊन आल्या. मल्लेशला ओवाळायला! एकीनं पायाला हात लावला. "तुझं बोलणं खरं झालं रं बाबा. महाराजांपेक्षा तुझ्यातच काय तरी हाय. उद्या किती पायऱ्या, सांग की."

मल्लेश दोन पावलं मागं सरकला.

"अहो मावशी, काय बी काय करता! मी तर खोटं लिवणारा माणूस. माझ्यात काय न्हाय. ती पट्टी हाय, तो फोन हाय, कुणालाबी विचारता येतंय. देव असो, महाराज असो, सरकारचा माणूस असो, जो म्हणतो माझ्यावर विश्वास ठेवा, त्याला आधी विचारा, तुला कसं कळलं? आणि सांगितलं तरी एकदा खाली उतरून डोळ्यानं बघा."

"म्हणजे तुझ्यावर बी विश्वास ठेवायचा न्हाय?" मागून नीलम्मा म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलत होती.

"माझ्यावर तर अजिबात न्हाय, अव्वा."

संघप्रिया बाईंनी शाळेतला रंग आणला. पोरांनी नव्हे, बायाबापड्यांनीच घाटाच्या कठड्यावर फूट आणि इंच आखले. मल्लेशनं कोल्हापूरला जाऊन साहेबांपुढं लेखी कबुली ठेवली. तीन महिने तो घरी बसला. परत घेतलं तेव्हा जोडीदार म्हणाले, "कशाला सांगितलंस लेका? कुणाला कळलं असतं?" मल्लेश वही ठेवून पायऱ्या उतरायला लागला.

पुढच्या जुलैत पुन्हा पाऊस लागला. एका सकाळी सहाला फोन वाजला. मल्लेश आताच पायऱ्या चढून वर आला होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. सहाचा आकडा वहीत मांडून झाला होता.

"कुरणवाडीस्नं बोलतोय. पाणी किती हाय?"

आवाज अव्वाचा होता. गावानं पाळी लावली होती, आज तिची होती. त्यानं आकडा सांगितला. पलीकडं ती पुटपुटत लिहून घेत होती, नुकतंच शिकलेले आकडे. मग थांबली.

"खाली उतरलतास न्हवं?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. ती आता कुणालाही हेच विचारायची. तो उतरला होता. अगदी आत्ताच. तसं म्हणायला त्यानं तोंडही उघडलं. पण थांबला. त्यानं वहीकडं बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या पायऱ्यांकडं.

"अव्वा, फोन धर जरा. पुन्हा बघून येतो."

"जा. धरते," ती म्हणाली.