ताईसाठी दाबलेलं पेडल

आतड्याच्या डॉक्टरला कसली आलीय लाज, असं लोकांना वाटतं. दिवसभर माणसांच्या पोटात कॅमेरा घालून बसणारा माणूस तो! पण त्या सकाळी हे डॉक्टर स्वतःच्याच वॉर्डच्या दारात चोरासारखे उभे होते. आत खाटेवर त्यांची थोरली बहीण होती, सलाइन लावलेली, आणि तोंडाने भावाचं कौतुक अखंड चालू. ऐकणारी होती शेजारच्या खाटेवरची शिवणकाम करणारी बाई. तिची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी, आज व्हायची होती आणि भीतीने तिची पाचावर धारण बसली होती.

मोठ्या आतड्यात आतून चामखिळीसारखे कोंब येतात. पुढेमागे कॅन्सर होऊ नये म्हणून तारेचा फास टाकून ते काढतात. आजवरची रीत म्हणजे तारेत करंट सोडायचा. कोंब जळत कापला जातो, रक्ताचा थेंब दिसत नाही. पण करंटची धग खोल जाते आणि काही दिवसांनी जखम फुटते, असा डॉक्टरांना संशय होता. म्हणून त्यांनी चाचणीच घेतली. निम्म्या पेशंटना करंट, निम्म्यांना नुसती तार, आणि कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. इथे वशिला चालायचा नाही, असं ते ज्याला त्याला बजावून सांगत.

आणि वशिला लावला कोणी, तर त्यांनीच.

ताईच्या वाट्याला नुसती तार आली होती. कोंब चांगला द्राक्षाएवढा. फास आवळला आणि डॉक्टर थांबले. आई गेल्यावर स्वतःची शाळा सोडून हिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. नुसत्या तारेने कापलं की रक्त डोळ्यांदेखत वाहतं. ते आपोआप थांबतं, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. पण हिचं रक्त बघायची छाती होईना. त्यांचा पाय करंटच्या पेडलवर गेला.

"सर, यांना करंट नाहीये," नर्स म्हणाली.

माहितीय मला, असं म्हणून त्यांनी पेडल दाबलं. जागा कशी स्वच्छ दिसली. त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आठवडा उलटायच्या आत ताई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. सगळं रक्तच रक्त. पुन्हा कॅमेरा घातला, जखमेला चिमटे लावले, थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी चाचणीच्या समितीला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. ते त्यामानाने सोपं गेलं. ताईला सांगायचं राहिलं होतं.

शिवणवाल्या बाईला तपासणीच्या खोलीत नेलं, तेव्हा ते आत गेले. ताईने त्यांना बसायला जागा करून दिली आणि काही खाल्लंस का म्हणून विचारलं. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, पेडलसुद्धा. लाजेने त्यांचे कान तापले होते.

ताई रागवेल, रडेल, निदान कपाळाला हात लावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही.

"मी त्या बाईला काय सांगितलं, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "ती या चाचणीला नाहीच म्हणत होती. मी म्हटलं, अगं, माझा भाऊ आहे तो, पण मलाही सगळ्यांच्याच रांगेत उभं केलं त्याने. तेव्हा कुठे तिने सही केली."

डॉक्टरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"माझं रक्त गेलं त्याचं काही नाही रे. पण तू मला खोटं पाडलंस. जा, आधी तिला सांग."

ते तपासणीच्या खोलीत आले. बाई कुशीवर झोपली होती, पांघरुणाचं टोक मुठीत धरून. गुंगीचं इंजेक्शन अजून दिलेलं नव्हतं. कॉम्प्युटरने तिच्याही वाट्याला नुसती तार दिली होती. नर्स पेडलकडे पाहत होती की काय कोण जाणे, डॉक्टरांना तसंच वाटलं.

त्यांना बघून बाईच्या जिवात जीव आला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्या ताईंचं केलंत, अगदी तस्संच माझं करा."

डॉक्टरांनी नुकतेच चढवलेले हातमोजे काढले, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. ताईचं मी चुकीचं केलं, इथपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली.