ताडाचा गाभा

काल दुपारपासून म्हाताऱ्याने तोंड उघडलं नव्हतं, आणि हा निव्वळ खोडसाळपणा आहे याबद्दल म्हातारीला तिळमात्र शंका नव्हती. तिने चमचा पुन्हा त्याच्या ओठांवर टेकवला, दुसऱ्या हाताने हनुवटी दाबली. चमचा दातांवर खट्कन वाजला. पांढरा लगदा गालावरून ओघळून उशीवर गेला.

"हे बघा, लाडीगोडी लावायला मी काही तुमची सून नाही," ती म्हणाली. "जन्मभर माझ्या हातचं निमूट गिळलंत. आताच कुठली चव फुटली?"

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. झटक्याने त्याची उजवी बाजू नेली होती, वाचाही नेली होती. डोळे आणि जबडा तेवढे शाबूत होते, आणि ते दोन्ही तो तिच्याविरुद्ध वापरत होता.

सून दारात येऊन उभी राहिली.

"आई, राहू द्या ना. थोड्या वेळाने मी भरवते."

"तू भरवतेस म्हणूनच शेफारलेत."

सून काहीतरी बोलणार होती. पण पदराला हात पुसत आत निघून गेली.

गल्लीत म्हातारीला फौजदारीण म्हणत, आणि ते तिला मनातून आवडे. डॉक्टरांनी तोंड पाडून सांगितलं होतं, घशाखाली उतरेल ते द्या. उतरत काहीच नव्हतं. पातळ पेजसुद्धा ठसक्यासरशी बाहेर येई. मग एक दिवस थोरल्या मुलाने वाटीभर लगदा पुढे केला. बाजारात कसलासा कंद मिळतो म्हणाला, दुधात शिजवून वाटलाय. तो उतरला आणि पोटात टिकलाही. म्हाताऱ्याच्या गालांवर पुन्हा माणसाचा रंग आला. म्हातारीने गल्लीभर सांगितलं, यमाच्या हातातून ओढून आणलाय मी. आणि आता हा माणूस दातखीळ बसवून चारचौघांत तिचं नाक कापायला निघाला होता.

तिने त्याचा गाल बोटाने निपटला, आणि जन्मभर चुलीपाशी काढलेल्या बाईच्या सवयीने ते बोट जिभेला लावलं.

दूध. साखर. त्यांच्याखाली काहीतरी कोवळं, ओल्या बदामासारखं.

तिचं बोट ओठांवरच राहिलं. ही चव तिने एकदाच घेतली होती, वादळात कोपऱ्यावरचा ताड मुळासकट आडवा झाला तेव्हा. म्हाताऱ्याने स्वतः कोयता घेऊन शेंड्यातला गाभा कोरून काढला, घरात सगळ्यांना फोड फोड दिली, आणि आपण न खाता अंगणात जाऊन बसला. ताडाला फांदी नाही. फुटायचं ते शेंड्यातल्या त्या एका कोंबातून. तो कापला की झाड खलास. नुसती बाहेरची पानं कित्येक महिने हिरवी राहतात, बघणाऱ्याला फसवत.

यंदा वादळ झालं नव्हतं.

म्हातारीची पाठ विळ्यासारखी वाकली होती. घरामागच्या ताडांचे तिला फक्त बुंधे दिसत. ती क्षणभर उभी राहिली. मग खाटेवर बसली, म्हाताऱ्याला कमरेने पलीकडे सरकवलं आणि त्याच्या ओल्या उशीवर डोकं टेकलं.

खिडकीतून शेंडे दिसत होते. जिवंत ताडाच्या मधोमध मिटलेलं पान उभं असतं, न उघडलेल्या पंख्यासारखं. अलीकडच्या झाडावर ते नव्हतं. त्याच्या शेजारच्यावरही नव्हतं. तिसऱ्यावर पानांच्या वर्तुळात नुसतं आभाळ होतं आणि कापाची कड अजून ओली चमकत होती.

"हे बघत पडला होतात होय," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचा श्वास तिच्या कानाशी घरघरत होता. त्याचा नियमच होता: चटईसाठी एक मिटलेलं पान काढलं, की पुढची दोन उघडू द्यायची. लग्नाच्या वर्षी त्याने या ताडांच्या बिया पुरल्या. ताड आधी मुळाने खाली जातो. कैक वर्षं वर नुसतं गवतासारखं पान. हिने गवताला पाणी घालणारा नवरा केला, असं लोक हसले. झाड नर की मादी ते कळायलासुद्धा पोरं हाताशी यावी लागली. पुढे त्याच पानांच्या चटया, टोपल्या, छपरं विकून घर उभं राहिलं.

थोरला आला तेव्हा ती उठून खाटेच्या कडेला बसली होती, वाटी मांडीवर घेऊन. त्याच्यामागे सूनही आत आली. म्हातारीने वाटी थोरल्यापुढे धरली.

"कंद का रे?"

त्याने बघितलं. मग मान खाली घातली.

"दुसरं काही उतरत नाही, आई. तूच बघितलंस."

"बायकोला माहीत होतं?"

"वाटायची तीच."

"म्हणजे एक मीच येडी." तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्तच घाबरला. "एक झाड किती पुरतं?"

"आठवडा. ताणलं तर दहा दिवस."

"आणि राहिली किती?"

"पाच."

म्हातारीची बोटं वाटीच्या काठावर फिरली. तिने हिशोब केला. त्या खोलीतल्या बाकी तिघांनीही केला असणार.

"झाडं परत लावू," थोरला म्हणाला. "बाप परत लावता येत नाही. तू म्हणशील तर आज चौथ्यावर चढतो."

तिचे ओठ हलले. 'चढ' हा शब्द जिभेवर आला होता, सुनेला तो दिसलाही. म्हातारीने चमचा उचलला, भरला, आणि हळूच, जवळजवळ विनवणी केल्यासारखा, म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेला.

त्याने पहिल्यांदाच खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. दात तसेच घट्ट. डोळ्यांतून पाणी कानशिलाकडे चाललं होतं, पण जबडा हलला नाही.

चमचा बराच वेळ तसाच राहिला. मग तिने तो वाटीत ठेवला आणि वाटी सुनेच्या हातात दिली.

"झाकून ठेवू?" सुनेने विचारलं.

"नको."

तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, त्याचे ओठ पुसले, हनुवटी पुसली, गळ्यावर वाळलेला लगदा नखाने खरवडून काढला. उशी उलटी करून कोरडी बाजू वर घेतली. मग खाट भिंतीपासून ओढायला लागली. थोरला धावला तर त्याचा हात झटकला. तुटलेले तीन शेंडे चौकटीबाहेर जाऊन उरलेले पाच आत येईपर्यंत ती एकटीच ओढत राहिली.

धापा टाकत ती त्याच्या उशाशी वाकली.

"अख्ख्या जन्मात एवढं एकच शहाण्यासारखं वागलात," ती म्हणाली. "नका उघडू तोंड."