मागच्या दाराची तुळई

मागचं दार बदलून आपल्याला काय मिळणार, हे जावयाने नीट जोखलं होतं. बायकोच्या माहेरी राहायला येऊन चार वर्षं झालेली. जाण्यायेण्याची वाट एकच, पुढच्या खोलीतून. आणि पुढच्या खोलीत सासरे. त्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केलेली. दुकान विकलं, पण सवय कोण विकत घेणार? जावयाने उंबऱ्यात पाऊल टाकलं की खुर्चीतून आवाज यायचा, "सात बावीस." बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर उलटून बोलता तरी आलं असतं.

मागचं दार उघडत असतं तर हा रोजचा पंचनामा टळला असता. पण ते कायम अडकलेलं. "लाकूड फुगतं," असं सासरे सांगत. वर्षातून एकदा रंधा मारत. दार आठ दिवस उघडे, की पुन्हा रुसून बसे.

जावयाच्या ऑफिसात तोडफोड निघाली आणि एक लोखंडी दार चौकटीसकट फुकटात हाती आलं. सासरे म्हणाले, "आहे ते राहू दे." का, ते सांगितलं नाही. ते चार दिवस बहिणीकडे गेले, तेवढ्यात जावयाने सुताराला बोलावलं. जुनी चौकट निघताच वरून दोन विटा खाली आल्या. सुताराने त्या सिमेंट थापून जागच्या जागी बसवल्या, खाली लोखंडी दार उभं केलं आणि लगबगीने हत्यारं गोळा केली.

नऊ दिवस जावई मागच्या दाराने राजासारखा आला-गेला. दहाव्या दिवशी दाराच्या कोपऱ्यातून भेग निघाली आणि पायरी पायरीने वरच्या खिडकीपर्यंत चढली. बाहेरून पाहिलं तर भिंतीला पोट सुटलेलं.

"जावयाच्या हातचं मानवलं हो भिंतीला," सासूबाई म्हणाल्या.

गवंड्याने ओळंबा सोडला. "दोन बोटं बाहेर आलीय. वरच्या खोलीत कोण झोपतं?"

"आम्ही दोघं," जावई म्हणाला.

"आजपासून नका झोपू."

भिंतीत आरपार वासे घालून खाली टेकू उभे राहिले, नेमके दाराच्या तोंडाशी. जावयाचं अंथरूण आलं पुढच्या खोलीत, सासऱ्यांच्या खुर्चीला लागून. आता उठल्याची वेळही कळू लागली.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने दारावरच्या सैल विटा उतरवल्या आणि हात थांबवला. "तुळई कुठाय?"

"कसली तुळई?"

"दारावरचं वजन तोलायला आडवी तुळई लागते. इथे विटा थेट चौकटीवर रचल्यात. ओझ्याने चौकट वाकायची, म्हणून दार अडकायचं. घर बांधलं कुणी, साहेब?"

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तेव्हा पैसे संपत आले होते," शेवटी ते म्हणाले. "गिलावा झाल्यावर कुणाला दिसणार होतं?"

"आणि दर वर्षी रंधा मारत होतात, तो कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तुला कळू नये म्हणून."

चार वर्षांचे टोमणे जावयाच्या जिभेवर तयार होते. पण सासूबाईंनी हातातली ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली, तशी त्याने जीभ आवरली. कपडे वाळत घालायची दोरी मागच्या अंगणात होती.

गवंड्याने दोन्ही बाजूंच्या भिंतीत वीतभर शिरेल अशी काँक्रीटची तुळई ओतली, वरच्या विटा नव्याने रचल्या. तीन आठवड्यांनी टेकू निघाले. भेग बुजली, भिंत ओळंब्यात आली. त्या दाराने सगळ्यांत आधी सासूबाई बाहेर पडल्या. मागोमाग जावई निघाला. खुर्चीतून कुणी वेळ सांगितली नाही.

गवंड्याचे पैसे सासऱ्यांनी चुकते केले. जावयाचे तीन रविवार विटा वाहण्यात गेले. सुताराला काहीच भरावं लागलं नाही. पण तुळईची किंमत सासूबाईंनी केव्हाच भरून टाकली होती: एकतीस वर्षं, रोज एक भरली बादली, पुढच्या दाराने निघून, अख्ख्या घराला वळसा घालून.