भिंतीच्या अलीकडे

एझेलने खुंटी ठोकली, दोरी ताणून बांधली आणि अंगठ्याने छेडून पाहिली. कोबीच्या वाफ्यापासून हातभर अंतर ठेवून ती दोरी सरळ पुढे, शेजाऱ्यांच्या परसांमागून रस्त्याच्या टोकापर्यंत गेली होती.

"आपल्याच घरामागे?" ओडेसाने विचारले. तिच्या हातात पिळलेली चादर होती.

"जागा ड्रेसेलसाहेबांची आहे."

"आणि भिंत कशासाठी?"

एझेल दुसरी खुंटी शोधू लागला.

उत्तर मागे उभ्या असलेल्या ड्रेसेलने दिले. पलीकडच्या मोकळ्या रानात गोऱ्यांसाठी साठ घरे बांधायला निघालेला हा बिल्डर तसा वाईट माणूस नव्हता. ओडेसाशी बोलताना टोपी काढायचा.

"बाई, मी तरी काय करू? वॉशिंग्टनच्या सरकारची हमी नसेल तर बँक माझ्या गिऱ्हाइकांना कर्ज देत नाही. त्यांचा माणूस येऊन पाहून गेला. म्हणाला, काळी वस्ती इतकी जवळ असेल तर हमी नाही. मध्ये भिंत घाला, मग बघू. सहा फूट उंच."

"सहा फुटांवरून आमचा रंग दिसत नाही होय?"

ड्रेसेल ओशाळून हसला. "तुझी बायको तिखट आहे रे, एझेल."

"अलाबामाची आहे, साहेब."

दोघेही अलाबामाहूनच आले होते; तिकडे एझेल गवंडी होता. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात एझेलला फक्त भट्टीपुढचे काम मिळाले. हातात थापी धरायची संधी चार वर्षांत आली नव्हती; ती आता ड्रेसेलच्या भिंतीने दिली. घराच्या दोन खोल्या त्याने रविवारी रविवारी बांधल्या. तिसरी अर्धवटच होती, छताला डांबरी कागद. गेल्या हिवाळ्यात धाकटी ल्युसिल तीन आठवडे खोकत होती. कर्जाचा अर्ज त्यांनीही वसंतात केला होता. कचेरीतला कारकून म्हणाला होता, "नकाशावरच्या लाल भागात कर्ज देत नाहीत, आणि तुमची गल्ली त्याच्या अगदी काठावर आहे. वर विचारतो." त्या 'काठावर'च्या भरवशावर दोघांनी उन्हाळा काढला.

"त्यांना हमी मिळाली की इकडेही रस्ता होईल, नळ येईल," एझेल म्हणायचा. "मग आपल्याला नाही कोण म्हणेल?"

ओडेसा धुण्याकडे वळायची. दुपारी मात्र त्याचा डबा ती स्वतः भिंतीपाशी नेऊन द्यायची. तो ओळंबा सोडून एक डोळा मिटायचा, तेव्हा कारखान्यातून परतणारा एझेल तो नसायचाच.

ऑगस्टअखेर भिंत पुरी झाली. ओडेसा हातमोजे घालून, चर्चची टोपी घालून ट्रामने कचेरीत गेली.

कारकुनाने तिला ओळखले. फाइल काढली, नकाशा पसरला.

"बरं झालं आलात. तुमच्या गल्लीबद्दल शंका होती ना, ती मिटली."

"देवाची कृपा!" ओडेसाने टेबलाची कड धरली. "म्हणजे मिळणार?"

"नाही, नाही." त्याने पेन्सिल नकाशावरून सरळ ओढली. "आधी हद्द कुठे धरायची, हाच प्रश्न होता. आता तिथे भिंत झाली आहे. पलीकडचं सगळं मंजूर झालं. तुम्ही अलीकडे येता, म्हणजे लाल भागात. अर्ज बंद केलाय."

ओडेसा हातमोजे सारखे करू लागली. त्यालाच अवघडल्यासारखे झाले असावे.

"भिंत मात्र उत्तम बांधलीय म्हणे," तो म्हणाला. "आमचा माणूस सांगत होता."

ती घरी आली तेव्हा एझेल शेजारच्या म्हाताऱ्या टॉलिव्हरला भिंतीवर गाल टेकवून पाहायला लावत होता. "अर्धा मैल आहे, काका. कुठे झोल दिसला तर सांगा." मग त्याचे तिच्याकडे लक्ष गेले. हात विजारीला पुसत तो जवळ आला.

"काय म्हणाले?"

ओडेसाने टोपीची पिन काढली. ती काढायला वेळ लागला.

"साहेब रजेवर आहेत."

"मग सोमवारी मीही येतो. ती भिंत मीच बांधली, हे त्यांना कळू दे."

"नको," ती इतक्या घाईने म्हणाली की टॉलिव्हरनेही वळून पाहिले.