आकारामतात्यांना आलेली पत्रिका

मंगळवारी दुपारी माझ्या वडिलांच्या फोनवरून तीनशे अकरा जणांना लग्नपत्रिका गेली. आमच्या घरात लग्न नव्हतं. लग्नाच्या वयाचा मी एकटा, आणि कुपवाडच्या वर्कशॉपात लेथ चालवणाऱ्या पोराला मुली किती प्रकारे नकार देतात हा वेगळा विषय आहे.

झालं असं, की वडिलांना, म्हणजे नानासोंना, ओळखीच्या नंबरवरून पत्रिका आली. नावाच्या शेवटी एपीके लिहिलेली. ती पत्रिका नव्हतीच. उघडली की फोन चोराच्या ताब्यात जातो, बँकेचे ओटीपी तो वाचतो आणि तीच फाईल तुमच्या नावानं गावभर वाटतो. वडिलांनी उघडली, कारण आमंत्रण न बघणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. आम्ही सायबर तक्रारीच्या १९३० ला फोन लावला, खातं बंद करून घेतलं आणि माझ्या स्टेटसवर 'पत्रिका उघडू नका' असं टाकलं. चौदा जणांनी पाहिलं. त्यातल्या तिघांनी अभिनंदन केलं.

बुधवारी सकाळी पाटणहून आकारामतात्या इस्लामपूरला आमच्या दारात उभे. वडिलांचे थोरले भाऊ. नऊ वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका वडिलांनी स्वतः न जाता एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली होती. तेव्हापासून तात्या फिरकले नव्हते. मध्ये वडील आठवडाभर दवाखान्यात होते, तरी नाही.

आता डोक्यावर इस्त्रीची टोपी, हातात पेढे.

"तवा दुसऱ्याच्या हातनं धाडलीस," तात्या म्हणाले. "ह्या वेळी सोताच्या बोटानं धाडलीस. मला तेवढंच पायजे हुतं."

वडिलांनी ते बोट खिशात घातलं.

आईनं चहा टाकला. तात्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. पत्रिका उघडत नव्हती. फोन सारखा 'धोका आहे' म्हणत होता, आणि फोनला घरातलं काय कळतंय, असं तात्यांचं म्हणणं होतं.

मी वडिलांकडं पाहिलं. वडील भिंतीकडं पाहत होते. खरं सांगितलं तर भाऊ जाणार, नाही सांगितलं तर भावाचा फोन. मी गुपचूप फाईल काढून टाकली आणि मोकळ्या स्क्रीनवरून वाचायला लागलो.

तात्यांनी विचारलं, कार्य कुणाचं. माझं, म्हणालो. स्वयंपाकघरात गाळणी पडली. मी मुलीचं नाव दिलं, अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली, कार्यालय दिलं, वेळ दिली. मग निमंत्रकांची नावं. पहिलं नाव मी श्री. आकाराम वाचलं. तात्यांनी ते परत वाचायला लावलं, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला मुलीचं नाव बदललं, पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते डोळे पुसत होते.

सगळं निभावलं असतं. अकरा आठवड्यांत मुलगी शोधायची कशी, एवढंच राहिलं होतं.

"मला उघडंना," पेढ्यांचा पुडा सोडत तात्या म्हणाले, "म्हणून कालच भावकीच्या ग्रुपवर टाकली. म्हटलं, नानाच्या घरचं कार्य हाय, कुणाला तरी उघडंल."

"उघडली?"

"सहा जणांची उघडली. पण आत काय दिसंना म्हणत्यात."

ग्रुपवर एकशे चाळीस माणसं होती. मग मी सगळं सांगितलं. चोर, फाईल, ओटीपी, मोकळी स्क्रीन. तात्यांच्या कपातल्या चहावर साय धरली.

"म्हंजे नाना, ह्या वेळीबी तू बोलावलं न्हाईसच."



तात्यांनी फोन परत घेतला. ज्या सहा जणांची उघडली होती, त्यांना बँक गाठायला सांगितलं. मग बाकीच्यांना एकेक करून लावायला लागले. पहिला हरिबा, त्यांच्या शेजारचा. पत्रिका उघडू नगं, तात्या म्हणाले.

"का वो तात्या?" स्पीकरवर हरिबा. "आमी नको का लग्नाला?"

तात्या म्हणाले, लग्नच नाही. हरिबा म्हणाला, व्हय, आमाला सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. आणि फोन ठेवला.

 तात्यांनी पुढचा नंबर लावला. वडील त्यांच्या शेजारी सरकले, माझा फोन मागून घेतला आणि ग्रुपच्या यादीच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली.

दुपारच्या जेवणापर्यंत बावीस जणांनी दोघांशीही बोलणं सोडलं होतं.