हरणीच्या पोटातली कुईं

दहावीतल्या बबितानं धातू शोधायचं यंत्र करायला घेतलं, तेव्हा घरातला पिठाचा डबा आठवडाभर तिच्याच ताब्यात होता. मोटार वायंडिंगच्या दुकानातून मागून आणलेली तांब्याची बारीक तार तिनं त्या डब्याभोवती वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळली, अलगद काढली, चिकटपट्टीनं आवळली आणि रंगाच्या बादलीच्या झाकणावर बसवली. पहिलं वेटोळं सैल पडलं, ते नुसतंच कण्हायचं. दुसऱ्याची तार मधेच तुटली. तिसरं मात्र असं जमलं, की जवळ लोखंड आलं रे आलं की रेडिओच्या जुन्या स्पीकरमधून ‘कुईं’ व्हायचं. तालुक्याच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे ती बबिता तिथं परीक्षकांनाच उलटे प्रश्न विचारून आली. तेव्हापासून अख्खं वालूर तिला इंजिनियर म्हणत होतं, आणि तिला ते अजिबात जड जात नव्हतं.

आणि बक्षीस मिळालं त्याच आठवड्यात घरच्या हरणी गाईनं चारा सोडला.

हरणी गाभण होती. पाठीची कमान करून, पुढचे पाय फाकवून उभी राहायची. बसायची म्हटलं की कण्हायची. गुरांच्या भागवत डॉक्टरांनी एक काठी तिच्या छातीखाली आडवी धरली, एका टोकाला बबिताचे वडील दत्तराव, दुसऱ्याला डॉक्टर, आणि दोघांनी ती हळूच वर दाबली. हरणी माणसासारखी हुंदकली.

“तार गेली असंल पोटात,” डॉक्टर म्हणाले. “टोचत असंल तर परभणीला नेऊन पोट उघडावं लागंल. पण गाभण जनावर हाय. नुसत्या अंदाजानं कसं कापायचं?”

“थांबा सर,” बबिता म्हणाली आणि घरात पळाली.

झाकण तिनं हरणीच्या बरगड्यांवरून फिरवलं. यंत्र गप्प. खाली, पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागं आणलं.

कुईं.

“हाय की मग,” दत्तराव म्हणाले. त्यांच्या पोरीनं नुसत्या झाकणानं गाईच्या पोटात बघितलं होतं. बबिताची मान तर आढ्याला टेकायची बाकी होती. हरणी आता वाचणार, अन् आपल्यामुळंच वाचणार.

शेजारच्या कस्तुराबाई दावणीपाशी उभ्या होत्या. “इंजिनियरबाई, माह्या म्हशीलाबी लावा की. फुकट हाय ना?”

म्हैस खुशाल रवंथ करत होती. बबितानं हसत हसत झाकण लावलं.

कुईं.

कस्तुराबाईंचा पदर तोंडाला गेला. बबितानं घरच्या बैलाला लावलं. कुईं. कालवडीला लावलं. कुईं.

“बिघडलं का काय?” दत्तरावांनी विचारलं.

बबितानं झाकण वर हवेत धरलं, गप्प. दाराच्या लाकडी चौकटीला लावलं; गप्प. खाली गव्हाणीजवळ नेलं, तर कुईंऽऽ, थांबायलाच तयार नाही. तिथं राख होती. मच्छरं जनावरांना फोडून खातात म्हणून दत्तराव रोज दिवेलागणीला जुन्या टायरचे तुकडे पेटवून गोठ्यात धूर करायचे. टायर रात्रभर धुमसतं, गोवरी कुठं एवढी टिकते. सकाळी ती राख ओल्या जागेवर पसरायची, की जनावराला कोरडं बसायला मिळतं. गव्हाणीतून सांडलेला चारा जनावरं तिथूनच वेचून खायची. कस्तुराबाई त्यांचं बघूनच तसं करायला लागल्या होत्या.

दत्तरावांनी मूठभर राख उचलून तळहातावर चोळली. राख उडून गेली. टायरमधल्या तारेचे केसाएवढे तुकडे मागं राहिले.

डॉक्टर म्हणाले, “म्हणजे लोखंड सगळ्यांच्याच पोटात हाय. तुझं मशीन एवढं सांगंल का बबिता, हरणीला ते टोचलंय का नुसतं पडून हाय?”

प्रदर्शनात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिनं झाकण पुन्हा लावलं. कुईं. थोडं तिरकं धरलं. कुईं. म्हशीची कुईं आणि हरणीची कुईं, तीळभर फरक नाही.

“न्हाई सांगत,” ती म्हणाली.

“बबे, तूच बोल काय ते,” दत्तराव म्हणाले. “न्यावं का ठुवावं?”

हरणी कण्हत कण्हत त्या राखेतच बसली. डॉक्टरांनी मान हलवली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

हरणीला चढवताना चार माणसं लागली. बबिताला पाठीमागं जागा उरली नाही. टेम्पो वळणाआड गेला तरी ती झाकण हातात धरून तिथंच उभी होती.

दुपारी तिनं वडिलांना फोन केला.

“अजून आत घेतलं न्हाई,” ते म्हणाले. “बसूनच हाय. उठंना झाली.”

“वासरू हलायलंय का?”

“बघतो,” म्हणाले, आणि फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना.

बबितानं पक्कड घेतली. यंत्राच्या स्पीकरची जोडणी कापली, त्याच्या मागचा लोहचुंबक मोकळा केला, दोरीला बांधला आणि गोठ्यातल्या राखेतून ओढायला लागली. एका फेरीतच त्याला तारांची दाट लव फुटली. तिनं ती पुसून डब्यात टाकली. पुन्हा ओढला. पुन्हा तेवढीच.

कालवड मान लांबवून तारा चिकटलेला तिचा हात चाटायला आली. बबितानं तिचं तोंड बाजूला सारलं. फोन गव्हाणीवर ठेवलेला होता. तो वाजत नव्हता.